खांदेमळणी माणसांचीही व्हावी

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत वर्षाचा कुठलाच महिना मोकळा जात नाही. जूनमध्ये शाळा उघडतात, बाजरीच्या पेरणीसाठी डोळे आभाळाकडे लागतात आणि त्याच सुमारास तुकोबांची पालखी दारावरून जाते. गौरी-गणपती, नवरात्र, दिवाळी उरकते न उरकते तोच कारखाने सुरू होतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी यांची गाळपं लागली की घराघरात एकच घोर असतो, आपल्या उसाला तोड कधी मिळणार? तोवर दहावी-बारावीच्या परीक्षा येतात आणि त्यांच्या मागोमाग लग्नसराई आणि गावोगावच्या यात्रा. गोठ्यातल्या गाईला तर सणवार कळत नाही. पहाटे आणि दिवस मावळताना धार काढावीच लागते.

या सगळ्याखाली सर्वांत जास्त दबतं ते तिशी-चाळिशीतलं घर. मुलं अजून हाताशी आलेली नाहीत, आई-वडिलांचे गुडघे आणि शुगर सुरू झालेली आहे. घरातलं एक माणूस एमआयडीसीत पाळीनं कामाला जातं, दुसरं शेत आणि गोठा बघतं. शेतीची लाईट रात्रीची असेल तर तो दोन वाजता बॅटरी घेऊन दारं धरायला जातो आणि तो परत येऊन आडवा होईपर्यंत ती उठून चूल पेटवते. एकाच घरात राहून दोघांची नीट भेट होत नाही, असे आठवडेच्या आठवडे जातात.

अशा घराला आपण काय सांगतो? देवानं दिलंय त्यात समाधान माना. लेकरंबाळं धडधाकट आहेत, दोन वेळचं मिळतंय, आणखी काय पाहिजे? कीर्तनात, लग्नाच्या मांडवात, सकाळच्या मोबाईलवरच्या सुविचारांत हाच उपदेश असतो. सांगणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. तरी मला हा उपदेश अपुरा वाटतो, आणि कधीकधी अन्यायाचाही. जो थकलाय त्यानंच स्वतःच्या मनात कृतज्ञता शोधावी, असा त्याचा अर्थ होतो. म्हणजे आधीच्या दहा कामांत आणखी एका कामाची भर. माझं म्हणणं असं की, थकव्याच्या दिवसांत कृतज्ञतेची पहिली जबाबदारी थकलेल्याची नसते. ज्याचं जगणं त्या थकव्यावर चाललंय त्याची ती असते, आणि ती विसाव्यानं आणि वाटणीनं फेडायची असते.

समाधान मानण्याला काही किंमतच नाही, असं मी म्हणत नाही. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलॉ या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही जणांना त्यांनी दर आठवड्याला ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा गोष्टी लिहायला सांगितल्या, काहींना त्रासाच्या, तर काहींना नुसत्या घडलेल्या. चांगल्या गोष्टी लिहिणाऱ्यांना आपलं आयुष्य अधिक बरं वाटत होतं. आपल्या आज्या झोपताना देवाजवळ दिवसाचा हिशेब मांडायच्या त्यामागचं शहाणपण हेच असावं. पण अशा वहीत एक गोष्ट सुटून जाते. रोज रात्री ‘आज गरम जेवण मिळालं’ असं लिहिणाऱ्याच्या मनाला शांती मिळेल, पण जेवण करणारीच्या कंबरेला त्यानं काही आराम मिळत नाही. मनातली कृतज्ञता मनातच राहिली तर तिचा लाभ फक्त मानणाऱ्याला होतो.

याहून पुरती अशी कृतज्ञता आपल्या भागानं पाहिलेली आहे. दरवर्षी पाहतो आहे.

तुकोबांच्या पालखीचा सोहळा त्यांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 मध्ये सुरू केला. ही पालखी बारामतीत मुक्काम करून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकीवरून इंदापूरला येते आणि सराटीहून नीरा ओलांडून पुढे जाते. काटेवाडीत पालखीला धोतरांच्या पायघड्या घालतात, तिथंच मेंढ्यांचं रिंगण होतं. बेलवाडीचं गोल रिंगण बघायला माणूस लोटतो. टीव्हीवर एवढं दिसतं. त्यामागं काय चालतं ते टीव्हीवर येत नाही. पालखीच्या वाटेवरच्या वाड्यावस्त्यांवर पहाटेच्या अंधारात पिठाच्या पराती भरतात, परड्यात तीन दगडांच्या जादा चुली मांडल्या जातात, पिठलं आणि खर्डा होतो. कोणी डॉक्टर पारावर गोळ्या-मलम घेऊन बसतो, कोणी न्हावी फुकट दाढ्या करतो, आणि कॉलेजची पोरं अनोळखी म्हाताऱ्या वारकऱ्यांचे पाय मांडीवर घेऊन तेल चोळतात. या सगळ्यात मला महत्त्वाचं वाटतं ते असं की चालून थकलेल्या वारकऱ्याला कोणीही ‘विठोबानं चालायला पाय दिले यातच समाधान मान’ असं सांगत नाही. आधी त्याचे पाय चेपतात. नमस्कारही करतात, पण पाय चेपून झाल्यावर.

दुसरी गोष्ट पोळ्याची. आमच्याकडे कुठं आषाढातला बेंदूर धरतात, कुठं भाद्रपदातला पोळा. गावागणिक तिथी बदलते, रीत एकच. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. बैलांना धुऊन गोठ्यात आणतात. गरम पाण्यानं खांदा शेकतात. जू बसून बसून तिथली कातडी जाड झालेली असते, कुठं केस उडालेले असतात, कुठं जुनी जखम भरून आलेली असते. घरधनी हातावर तूप नाहीतर लोणी घेतो, त्यात हळद कालवतो आणि नेमक्या त्याच जागी जिरवतो. पाठीवर नाही, कपाळावर नाही, जिथं ओझं बसतं तिथंच. मग उद्या जेवायला या, असं रीतसर आवतण त्या मुक्या जनावराला देतात. दुसऱ्या दिवशी झूल, बेगड, गोंडे आणि पुरणपोळी असतेच. पण त्या दिवसाचा खरा नियम वेगळा आहे. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही.

आपल्या वाडवडिलांनी कृतज्ञतेचं जे रूप घडवलं त्यात तीन गोष्टी होत्या. दुखतं कुठं ते हात लावून पाहायचं, त्या जागेवर औषध लावायचं आणि एक दिवस ओझं उतरवायचं. हे सगळं सांगता न येणाऱ्या प्राण्यासाठी केलं, म्हणून त्याची थोरवी आणखी मोठी. आता ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, कित्येक घरांत मातीच्या बैलांची पूजा होते. रीत टिकली याचा आनंद आहे. माझा प्रश्न एवढाच आहे की जनावरासाठी जे आपल्याला सुचलं ते माणसासाठी का सुचू नये? ज्या बाईनं पोळ्याच्या पुरणपोळ्या केल्या, तिला बिनजुवाचा दिवस वर्षातून किती वेळा मिळतो? सण तिच्यासाठी दुप्पट कामाचा दिवस असतो.

हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं 2019 मध्ये देशभर लोकांच्या वेळेची मोजदाद केली. रांधणं, धुणं, झाडलोट अशी बिनपगारी घरकामं दिवसभरात करणाऱ्या बायका शंभरात 81 निघाल्या आणि पुरुष 26. जे करतात त्यांतही बायकांना सरासरी 299 मिनिटं लागतात, पुरुषांना 97. म्हणजे ती रोज पाच तास देते, तो बहुतेक घरांत काहीच देत नाही आणि दिले तर दीड तास. बारामतीच्या टेक्स्टाइल पार्कात जाणारी बाई असो की बँकेत बसणारी, नोकरीची आठ तासांची पाळी संपवून घरी आली की तिची दुसरी पाळी सुरू होते. शेतकऱ्याच्या घरात तर त्यात शेण, वैरण आणि धारा मिळवाव्या लागतात. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी होतं आणि बहुतेक घरांत ते त्याच्या नावच्या खात्यावर जमा होतं. त्यामुळे गाई ती सांभाळते आणि गावात ‘दुधाचा धंदा’ त्याचा म्हणून ओळखला जातो.

घरातली भांडणं इथूनच उगवतात. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी कॅलिफोर्नियातल्या नोकरदार जोडप्यांच्या घरांत जाऊन, त्यांच्या स्वयंपाकघरांत बसून अभ्यास केला आणि 1989 मध्ये त्यावर ‘द सेकंड शिफ्ट’ हे पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं की भांडण वरवर भांड्यांवरून असतं, पण खालचा सल कृतज्ञतेचा असतो. नवऱ्याला वाटतं, मी कपडे वाळत घातले ही मी केलेली मदत, तिनं ती मोठी मानावी. बायकोला वाटतं, यात विशेष काय, हे त्याचंच काम होतं. एकाला जी देणगी वाटते ती दुसऱ्याला थकबाकी वाटते, आणि म्हणून दोघंही मनातून उपाशी राहतात. कॅलिफोर्नियातलं हे निरीक्षण वालचंदनगरच्या कॉलनीत किंवा भिगवणच्या वस्तीवर तंतोतंत लागू पडतं. घरात कृतज्ञता टिकायची असेल तर आधी काय कोणाचं काम आहे हे मोकळेपणानं ठरायला हवं.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो. घरच्या माणसांचे आभार कसले मानायचे? आपल्यात ती पद्धत नाही, आभार परक्यांचे मानतात. या म्हणण्यात तथ्य आहे. आई भाकरी वाढते तेव्हा ‘धन्यवाद’ म्हणणारा मुलगा मलाही परका वाटेल. पण शब्दाची पद्धत नव्हती म्हणून आपल्याकडे जाणीव बोलून दाखवण्याची रीतच नव्हती, हे खरं नाही. ती जात्यावर होती. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पहाटे दळता दळता बायकांनी त्यांत आईबापाचे, भावाचे, पंढरीच्या विठोबाचे उपकार मनापासून गायले आहेत. त्याच जात्यावर, त्याच सुरात त्यांनी सासरचा जाच, हातांचे फोड आणि बाईच्या जन्माचं दुःखही सांगितलं आहे. उपकार मानणारी बाई तक्रार करत नाही, अशी अट त्या ओव्यांनी कधी घातली नाही.

हे आज विसरलं गेलं आहे. कोणी ‘मी थकले’ म्हटलं की लगेच ‘अगं, किती चांगलं चाललंय तुझं’ असं ऐकवलं जातं. कृतज्ञतेचा असा उपयोग तोंड बंद करण्यासाठी होतो तेव्हा ती कृतज्ञता राहत नाही. लेकरांवर जीव असणं आणि लेकरांनी जीव मेटाकुटीला आणणं या दोन्ही गोष्टी एकाच संध्याकाळी खऱ्या असतात. रात्री दारं धरून आलेल्या नवऱ्याबद्दल माया वाटते आणि त्यानं सकाळचा चहा स्वतः करून घ्यावा असंही वाटतं. थकव्याला जागा दिली तरच मायेला जागा मिळते. हे पुरुषांनाही लागू आहे. सोसायटीचं कर्ज, पडलेले भाव, मुलांच्या क्लासची फी यांचा भार कित्येक जण घरात न बोलता वाहतात, आणि त्यांच्या दुखऱ्या खांद्याला हात लावून विचारणारंही कोणी नसतं.

मानलेले उपकार कागदावर उतरू शकतात, हेही याच महाराष्ट्रानं दाखवलं. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी याच पुणे जिल्ह्यात, चाकणला कांद्याचं आंदोलन उभं केलं. 1986 मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं. त्यातून पुढं लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली. जोशींचं शेतकऱ्यांना सांगणं सरळ होतं. घामाचं दाम सरकारकडं मागताय ना, मग घरातल्या लक्ष्मीच्या घामाचं दाम तुम्ही कधी दिलंत? तिच्या ऋणातून मोकळं व्हायचं असेल तर जमिनीचा एक तुकडा तिच्या नावावर करा. अनेक गावांत शेतकऱ्यांनी स्वखुशीनं तसं केलं. 1992 मध्ये राज्य सरकारनं लक्ष्मीमुक्तीचा निर्णय काढून पत्नीचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याची वाट खुली केली. कोर्टाचा धाक नाही, भांडण नाही, जाणिवेतून नवऱ्यानं अर्ज करायचा आणि तलाठ्यानं नोंद धरायची. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. कृतज्ञता भाषणातून निघून सातबाऱ्यावर पोचली की तिला मागं फिरता येत नाही.

एवढं सगळं आपल्या घरापुरतं झालं. पण आमच्या तालुक्यांत घराबाहेरही एक घर असतं, उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीचं. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगरकडून टोळ्या येतात आणि उन्हाळा लागेपर्यंत इथंच तळ देऊन राहतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो, उचल बहुधा त्याच्या हातात पडते. ती पहाटे तीनला उठून भाकरी थापते, उजाडायच्या आत फडात पोचते, दिवसभर तोडते आणि बांधते, आणि गाडी आली की तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढते. लहानगं बांधावर झोळीत असतं, त्याच्याजवळ त्याची सहा-सात वर्षांची बहीण. एक दिवस पडून राहिलं की खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न राज्यभर गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, त्यामागं हीच विश्रांती नसलेली मजुरी उभी होती. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, ती गरजेची होती. पण दर वाढला म्हणून फडात सावली आणि आडोसा येत नाही.

आपल्या घरातली सुबत्ता या दुसऱ्या घराच्या थकव्यावर उभी आहे. उसाचं बिल त्यांच्या कोयत्यानं येतं. हिवाळ्यात आपल्या गाई जे वाढे खातात, तेही त्यांनीच तोडलेले. तरी शेजारच्या फडात चार महिने राहणाऱ्या बाईचं नाव आपल्याला ठाऊक नसतं. पालखीतल्या अनोळखी माणसाचे पाय चेपणारा हा समाज इथं मात्र काच वर करून पुढं जातो. हे आपल्याला शोभत नाही.

मग थकलेल्या माणसानं स्वतः कृतज्ञ असूच नये का? असावं. मनापासून असावं. ही वर्षं पुन्हा येत नाहीत, हे खरंच आहे. शाळेच्या बसला हात हलवणारं पोर काही वर्षांत पुण्याच्या हॉस्टेलवर जातं. आज औषधाच्या वेळा विसरणारे वडील उद्या नसतात. या गर्दीतच घराची सगळ्यांत भरलेली वर्षं असतात आणि ती नजरेतून निसटू नयेत, असं प्रत्येकाला वाटतं. पण समोरचं सुख दिसायला डोळे उघडे राहावे लागतात आणि त्यासाठी झोप व्हावी लागते. अर्धा तास कोणाच्याही हाकेला ओ न देता बसता आलं, तर कुणी सांगायची गरज पडत नाही. ओसरीवर बसलेल्या सासूबाई आणि त्यांच्या मांडीवर पेंगणारं नातवंड पाहून मन आपोआप भरून येतं. विसावा मिळाला की कृतज्ञता उपदेशावाचून उगवते.

म्हणून या हंगामात माझी वाचकांना विनंती आहे. घरातलं रोजचं एक तरी काम मदत म्हणून नव्हे, आपलं म्हणून कायमचं अंगावर घ्या. धार, डबे, आईच्या गोळ्या, मुलाचा अभ्यास, कोणतंही. जिच्या हातानं घर चालतं तिला महिन्यातून एक दिवस बिनजुवाचा द्या आणि त्या दिवसाची कामं दुसऱ्या दिवसासाठी साठवून ठेवू नका. दुधाच्या खात्यावर तिचं नाव आहे का पाहा, सातबारा काढून बघा, नसेल तर तलाठ्याकडे जा. ऊस आपला असेल तर टोळी यायच्या आधी फडाजवळ पिण्याचं पाणी, सावली आणि आडोशाची सोय करा आणि बाळ असलेल्या बाईचा खाडा पडणार नाही यासाठी मुकादमाशी बोला. यातलं काहीही आपल्या आवाक्याबाहेरचं नाही. ज्यांच्या खांद्यावर आपलं घर उभं आहे त्यांना आधी विसावा द्या. आभाराचे शब्द त्यानंतर बोललात, तर ते त्यांना खरे वाटतील.